खिडकी बंद करू नये

दूध संघात मला कुणी नावानं हाक मारत नसे. शिपायापासून मॅनेजर साहेबांपर्यंत सगळे मला 'कॉम्प्युटर' म्हणायचे. ओ कॉम्प्युटर, चहा सांगू का? सुरुवातीला डोकं फिरायचं, मग सवय झाली. माझा स्वभाव तसा तापट, पण संघात राग दाखवायचा तर आधी संचालकाच्या घरात जन्म घ्यावा लागतो. मी वॉचमनचा मुलगा. माझे वडील याच शीतकरण केंद्राच्या फाटकावर बसायचे, आणि ते गेल्यावर त्यांच्याच पुण्याईवर मला आत खुर्ची मिळाली.

शिरूर कासारच्या अलीकडे आमचं हे केंद्र. गावोगावचं दूध यायचं, थंड व्हायचं, पुढं जायचं. त्या दुष्काळात दूधच आटलं. जनावरं छावणीत गेली, बरीचशी बाजारात गेली. मशीनचा आवाज बंद झाला आणि त्या मोठ्या हॉलमध्ये आपण शिंकलो तरी दचकायला व्हायचं. मग वरून हुकूम आला की संघाच्या दुधाच्या टँकरनं वाड्यावस्त्यांवर पाणी पोचवा. टँकर कितीही धुतला तरी त्या पाण्याला जरासा आंबूस वास यायचा. लोक मुकाट्यानं प्यायचे. दुसरं होतं काय प्यायला?

कुठल्या वस्तीवर आज जायचं हे ड्रायव्हरला कॉम्प्युटर कळवायचा. मी नव्हे, खरा कॉम्प्युटर. औरंगाबादच्या एका इंजिनिअरनं तो बसवून दिला होता. त्याच्यावर चित्रंबित्रं काही नव्हती, नुसती एक काळी खिडकी आणि तिच्यात पांढरी अक्षरं. त्याला तो टर्मिनल म्हणायचा. एका सेटिंगच्या फाईलमध्ये प्रत्येक वस्तीची एक ओळ होती. सकाळी मी त्या काळ्या खिडकीत एक शब्द लिहून एंटर मारला, की तिच्या ध्यानात असलेल्या वस्त्यांची नावं पाळीपाळीनं ड्रायव्हरच्या मोबाईलवर जायची. बस एवढंच. पण साहेब पाहुण्यांना ते असं दाखवायचे, जणू मंगळावर यान सोडलंय.

एक भानगड मात्र होती. ती खिडकी बंद केली की मेसेज पाठवणारा मोडेम रुसून बसायचा. मग इंजिनिअरला फोन करा, त्याची मिनतवारी करा, तो सांगेल ते टाईप करा. म्हणून त्यानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पडद्याच्या वर चिकटवलं होतं, 'ही खिडकी बंद करू नये'. खंडेनवमीला शिपायानं त्या पुठ्ठ्यालाही हळदकुंकू लावलं होतं. खिडकी बंदच करायची नाही म्हटल्यावर नवीन सेटिंग तिला कळणार कसं? कारण तुम्ही फाईलमध्ये काहीही बदला, उघड्या खिडकीला त्याचा पत्ता नसतो. ती उघडताना जे वाचलं तेच धरून बसते. त्यावर इंजिनिअरनं मला तोड शिकवली होती. 'सोर्स' लिहायचं, पुढं फाईलचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचा. मग ती बसल्या जागी सगळी फाईल नव्यानं वाचून घेते. मला त्या एका शब्दाचा फार अभिमान होता. पूर्ण तालुक्यात तो मला एकट्यालाच येतो, अशी माझी समजूत होती.

त्या उन्हाळ्यात माझ्या आत्याचा जीव त्या खिडकीवर टांगलेला होता. मला ते कळलं तेव्हा भीतीच वाटली, आणि ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

आत्या आमच्या मूळ वस्तीवर राहायची. डोंगराच्या अंगाला थोडीशी घरं, एक कडुनिंब आणि कोरडी विहीर. मी चड्डीत असतानाच वडिलांना संघात नोकरी लागली आणि आम्ही तिथून उठलो. आमचं घर पुढं पडलं. बाकीची घरं दसरा झाला की ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या मागंपुढं परत यायची. आत्याही जायची, नवरा होता तोवर. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. आत्याचा नवरा गेला आणि ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला कुणी नेत नाही. तेव्हापासून सगळी वस्ती गेली की मागं ती एकटी उरायची.

त्या वर्षी तर दिवाळीच्या आधीच घरांना कुलपं लागली. मी आत्याला म्हटलं, चल माझ्याकडं, दोन खोल्या आहेत, पंखा आहे, नळ नसला तरी संघाचा टँकर दारात आहे. तिनं साफ नाही म्हटलं. तिला रांग धरायची होती.

ही रांग म्हणजे घागरींची. आमच्या वस्तीवर टँकरच्या पाण्याला माणूस उभा राहत नाही, घागर उभी राहते. वाटेवरच्या दगडापासून कडुनिंबापर्यंत ओळीनं प्रत्येक घराची एक घागर, आणि तिची जागा ठरलेली. मधली घागर कुणी उचलली की तिथून भांडण पेटायचं ते थेट पोलीस पाटलापर्यंत. ऊसतोडीला जाणारेही आपली घागर रांगेतच ठेवून जायचे. घागर हलली की पाळी गेली, आणि पाळी गेली की वस्तीवरचा हक्क गेला, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ही रांग जो सांभाळतो त्यानं आपली घागर सगळ्यात शेवटी ठेवायची आणि शेवटी भरायची. नाहीतर राखणदारानंच खाल्लं असं लोक म्हणणार. आत्याची घागर शेवटी होती.

माघ संपता संपता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तहसीलचा कागद आला होता. ती वस्ती रिकामी आहे, सगळी कुटुंबं स्थलांतरित, सबब टँकर बंद. मी म्हटलं, साहेब, माझी आत्या आहे तिथं. ते म्हणाले, एका म्हातारीसाठी टँकर? तिला घरी आण की. मी तावातावानं बोललो, रिकामी म्हणजे काय, तिथं जाऊन बघितलंय का कुणी? साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्यांचं हत्यार. मग ते उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ फाईलमधून गेली. सोर्स म्हटलं, एंटर मारला. त्यांनी पडद्याकडं बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर गेला.

संध्याकाळी ड्रायव्हर मामांनी फेऱ्या सांगितल्या तेव्हा मला वाटलं, सवयीनं गेले असतील. मी म्हटलं, मामा, ती वस्ती तर बंद झाली. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. मेसेज होता, त्याच सकाळचा, वस्तीच्या नावासकट. मी फाईल उघडली. नाव नव्हतं. पुन्हा सोर्स म्हटलं. पुढच्या पाळीला पुन्हा मेसेज गेला. मी फाईल खालपासून वरपर्यंत वाचली, वरपासून खालपर्यंत वाचली. नाव कुठंच नव्हतं आणि तरी ते माझ्या समोरून ड्रायव्हरच्या खिशात जात होतं. मी खुर्ची जरा मागं ओढून बसलो.

त्यात मामांचं वेगळंच चाललं होतं. मामा म्हणजे रस्त्यात नागाला बाजूला करून जाणारा माणूस, पण त्या वस्तीवर जायला ते काचकूच करायला लागले. चहाच्या टपरीवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाप्पा, तिथं कायतरी हाय. मी घागरी भरून येतो. माणूस एक न्हाई, ती म्हातारी सोडून. अन् परत जावं तर घागरी रिकाम्या. लेका, एवढं पाणी पितंय कोण?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, मामा, तुमच्या टँकरलाच भोक असेल. ते हसले नाहीत. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

शेवटी इंजिनिअरला फोन लावला. नाव काढलंय, वाचून घेतलंय, तरी जातंय, असं कसं? तो फोनवर खदाखदा हसला. म्हणाला, अहो, सोर्स म्हटल्यावर ती फाईल वाचते, फाईलमध्ये जे आहे ते लक्षात घेते. फाईलमध्ये जे नाही ते विसरायला तिला कुणी सांगितलं? आधीचं तिच्या डोक्यात तसंच राहतं. विसरायचं असेल तर खिडकी बंद करून उघडा, नाहीतर मी सांगतो तो शब्द लिहा. लिहून घेताय ना? मी हो म्हटलं आणि लिहून घेतलं नाही.

फोन ठेवला आणि त्या काळ्या पडद्याकडं बघितलं. म्हणजे कागदावर वस्ती नव्हती, तहसीलात नव्हती, फाईलमध्ये नव्हती. ती फक्त या खिडकीच्या डोक्यात होती. जोवर ही खिडकी उघडी तोवर आत्याला पाणी. मिटली की संपलं. मी कुणाला काही बोललो नाही. मामांनाही नाही, ते बोलघेवडे.

तेव्हापासून मी त्या खिडकीला जपायला लागलो. दुपारचा डबा तिथंच. लाईट गेली की इन्व्हर्टरचा हिरवा दिवा आधी बघायचा, मग डोळे मिटायचे. झाडूवालीनं वायरीला पाय लावला तर मी तिच्यावर असा खेकसलो की ती रडायला लागली आणि मला तिला भजी आणून समजूत घालावी लागली. शिपाई म्हणायचा, कॉम्प्युटरचं त्या कॉम्प्युटरशी लगीन लावून टाका. म्हणोत बापडे. पाळीच्या सकाळी वस्तीचं नाव जाताना बघितलं की मला बरं वाटायचं आणि कसंतरीही वाटायचं.

एका रविवारी मी वस्तीवर गेलतो. गाडी बंद केली आणि कानात दडा बसल्यासारखं झालं. कुत्रं नाही, कोंबडी नाही. सगळ्या दारांना कुलपं. कडुनिंबाखाली घागरींची रांग, प्रत्येकीवर ताटली आणि ताटलीवर दगड. पण दारापुढं बघतो तर काय, प्रत्येक बंद दारासमोर सडा टाकलेला. ओला, ताजा. जणू आत बाया उठल्यात आणि आता चुलीचा धूर निघणार. मी उभ्या जागी घट्ट झालो. तेवढ्यात आत्या एका घरामागून आली, हातात तांब्या. मला बघून तिला काही विशेष वाटलं नाही. ती पुढच्या दाराकडं गेली आणि पाणी शिंपडायला लागली.

घागरी रिकाम्या होत होत्या त्या अशा. माझा पारा चढला. मी म्हटलं, आत्या, येडी झालीस का? तालुका तहानेनं मरतोय आणि तू कुलपांना आंघोळ घालतेस? ती शांतपणे म्हणाली की ज्याचं पाणी त्याच्या दारात टाकते, माझ्या मनचं काही नाही. दार महिनोन्‌महिने कोरडं पडलं की घराला माणूस ओळखू येत नाही, असं तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारला. एकटं राहून हिचं डोकं फिरलं तर नाही ना, असं मनात आलं आणि मला वाईट वाटलं. परत निघताना आमच्या पडक्या घरावरून गेलो. भिंती मातीत मिळालेल्या, उंबऱ्याचा दगड तेवढा शिल्लक. त्या दगडाच्या कडेला पोपटी तण उगवलेलं होतं. सगळा डोंगर करपलेला आणि इथं हिरवं. मी थांबून बघितलं. असेल कसली तरी ओल, म्हणून गाडीला किक मारली.

पाडवा जवळ आला. आता वस्ती परत येईल, तेवढे दिवस खिडकी टिकली की झालं, असा माझा हिशेब. आणि साहेबांनी मला छावणीवर पाठवलं. जनावरांच्या कानातले बिल्ले तपासायचे होते. मी नाना सबबी सांगितल्या, पोट दुखतं म्हटलं, पण चष्मा टेबलावर आला. जाताना शिपायाला दहादा बजावलं की इन्व्हर्टरकडं लक्ष ठेव. त्यानं शपथ घेतली.

छावणीत उन्हानं आणि शेणाच्या वासानं जीव नकोसा झाला. चार-पाच दिवसांनी परत आलो, हातपाय न धुता खुर्चीवर बसलो आणि बघतो तर खिडकी कोरी. वरपासून खालपर्यंत काळी, एका कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता. शिपाई मागं येऊन उभा राहिला. मी छावणीवर गेलो त्याच दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी आटलं. वर्षभर कुणी घातलंच नव्हतं, आणि लक्ष ठेव म्हणजे दिव्याकडं लक्ष ठेव, असं शिपाई समजला होता. लाईट गेली आणि सगळं बंद पडलं. साहेबांनी इंजिनिअरला फोन करून पुन्हा चालू करून घेतलं. मोडेमही लागला. उलट आधीपेक्षा चांगलं चाललंय, शिपाई म्हणाला.

मामा फाटकाजवळ टायर बघत होते. मी विचारलं, वस्तीवर गेलते का? ते म्हणाले, नाव यायचं बंद झालं, सुटलो बाबा एकदाचा. मग माझं तोंड बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि सांगितलं की शेवटच्या फेरीला टँकरचा व्हॉल्व गळत होता. रांग भरत आणली आणि म्हातारीच्या घागरीपाशी पाणी संपलं. दुसऱ्या घागरीतलं घे म्हटलं तर ती म्हणाली, असू द्या, पुढच्या फेरीला माझी भरा. आणि पुढची फेरी झालीच नव्हती.

मी मामांना म्हटलं, असेल तेवढं पाणी घेऊन माझ्यामागं या, कुणाला विचारू नका. टँकर भरायला वेळ लागणार होता. मी थांबलो नाही. कॅरिअरला पाण्याचं कॅन बांधलं आणि भर दुपारी निघालो. रस्त्यावर माणूस नव्हतं. सिंदफणेच्या पात्रात वाळू तेवढी चमकत होती. मी स्वतःशीच बडबडत होतो, साहेबांना, तहसीलला, शिपायाला, आत्याला सगळ्यांना शिव्या देत होतो. वस्तीवर पोचून मागं हात घातला तर नुसती दोरी. कॅन दगडधोंड्यात कुठं सुटलं मला कळलंच नव्हतं.

वस्तीवर वारा नव्हता. दारांपुढचे सडे वाळून पांढरे पडलेले. रांग जागच्या जागी. आणि रांगेच्या शेवटी, कडुनिंबाच्या सावलीत, आत्या आपल्या घागरीशेजारी गुडघे पोटाशी धरून बसली होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. मी हाक मारली. ती हलली नाही. मी जवळ जायला घाबरलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पदराच्या आतून आवाज आला.

"माझी पाळी न्हाई आली आजून."

ओठ फुटून काळे पडलेले. घरातल्या रांजणाच्या तळाचं परवाच संपलं होतं. तिची घागर कोरडी ठणठणीत होती, आणि तिच्यापुढच्या सगळ्या घागरी अर्ध्या-पाऊण भरलेल्या. ताटली उचलून मी दोन-चार बघितल्या. टँकर थांबला तसा तिनं सडाही थांबवला होता, त्यांचं पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. मला रडायला आलं आणि त्याहून जास्त संताप आला. जवळच्या एका घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या तोंडाला लावलं. तिनं दात आवळले, मान फिरवली. पाणी तिच्या हनुवटीवरून लुगड्यात गेलं. जबरदस्ती करावी तर मानेचा काटा मोडायचा, एवढी ती वाळलेली.

मी म्हटलं, ही कुणाची? ती म्हणाली, कोपऱ्यावरच्यांची. मी म्हटलं, अगं, तो कोपऱ्यावरचा मला बघितलं की गळ्यात पडतो, तो नाही म्हणेल का? ती म्हणाली, "त्याला इचारलं का तू?" मी मोबाईल काढला. रेंजची एक काडी नाही. पुढची कुणाची? विहिरीजवळच्यांची. तिला लेकरू झालंय तिकडं उसाच्या थळात, येईल ती ओली बाळंतीण. तिची कशी घेऊ? त्याच्या पुढची? ज्यांच्याशी आमच्या ह्यांचं बांधावरून भांडण होतं त्यांची. मी एकेका घागरीला हात लावत होतो आणि ती प्रत्येकीचं घर सांगत होती, डोळे न उघडता. आणि मला असं वाटायला लागलं, खरंच वाटायला लागलं, की ती घरं ऐकतायत. प्रत्येक वेळी हात लावला की त्या त्या कुलपामागं कुणीतरी बोलायचं थांबतंय. मी मागं वळून बघत होतो. कोणी नव्हतं. मामांच्या टँकरचा आवाजही येत नव्हता.

असा मी रांगेच्या पुढच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. एक घागर राहिली होती. आत्याच्या घागरीच्या लगेच पुढची. पितळी, जुनी, काठाला पोचा. तिला मघाशी मी हातच लावला नव्हता, कारण तिच्याकडं पाठ करूनच आत्यापुढं गुडघे टेकून बसलो होतो. वस्तीवरचं प्रत्येक घर तर सांगून झालं होतं.

"मग ही कुणाची?" मी विचारलं.

तिनं पहिल्यांदा डोळे उघडले. माझ्याकडं असं बघितलं जणू मीच भ्रमिष्ट झालोय.

"तुमची. कावून, इसरलास?"

आम्ही वस्ती सोडून किती वर्षं झाली होती. वडील गेले, आई गेली, घराच्या भिंती गेल्या. आमची घागर रांगेतच होती. दर उन्हाळ्यात, दर टँकरला भरत होती आणि आत्याच्या आधी भरत होती. उंबऱ्याच्या दगडाशी ते हिरवं तण का उगवलं ते आता मला कळलं. शेवटच्या फेरीला टँकरमधलं शेवटचं पाणी आमच्याच घागरीत पडलं होतं, म्हणून तिची कोरडी राहिली होती. एवढे दिवस ती तहानेनं व्याकूळ होऊन बसली होती ती माझ्या मागं. मी त्या पोचा आलेल्या काठावर हात ठेवला. पितळ गार होतं.

मी ताटली काढली. पाऊण घागर पाणी. तोच आंबूस वास. तिथं ठेवलेला तांब्या बुडवून भरला आणि तिच्यापुढं धरला.

"आत्या, घे. आमची हाय. आमी देतो."

तिनं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तांब्या तिनं हातानं माझ्याकडं परत ढकलला.

"तू पी आधी. मालकानं आधी प्यावं."

मी प्यायलो. मग तिनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

मामा टँकर घेऊन आले तेव्हा ती कडुनिंबाला टेकून बसली होती आणि त्यांना उशीर केल्याबद्दल बोलत होती. मामांनी आधी तिची घागर भरायला पाईप पुढं केला. तिनं डोळे वटारले. मामांनी गुपचूप रांगेच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली. ती माझ्यासोबत यायला त्या दिवशीही तयार झाली नाही. म्हणाली, आता काय, आलेच सगळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संघात गेलो, फाईल उघडली आणि वस्तीची ओळ पुन्हा लिहिली. सोर्स म्हटलं. साहेब माझ्यामागं कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं. मला वाटलं चष्मा निघणार, पण निघाला नाही. मामांनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं की तहसीलला कळवायचंय, त्या वस्तीवर आज घरं किती आहेत.

मी आमचं घर धरून आकडा सांगितला.